अश्वत्थाम्याची जखम आणि शांतिपर्व

दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्याच्या पडीक भिंतींमध्ये १९६३ साली इब्राहिम अल्काझी यांनी धर्मवीर भारती यांचे 'अंधायुग' उभे केले, त्या प्रयोगाची हकीकत हिंदी रंगभूमीच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. नेहरू प्रयोगाला आले होते. चीनशी झालेल्या युद्धाला पुरते वर्षही लोटले नव्हते. आणि पुण्यात जन्मलेल्या या दिग्दर्शकाने रंगमंदिर सोडून उघड्या भग्नावशेषांतच कौरवनगरी वसविली होती. एका गोष्टीचा उल्लेख मात्र या हकीकतीत क्वचितच आढळतो. ज्या वास्तूच्या आवारात युद्धानंतरच्या त्या अठराव्या संध्याकाळची कथा बोलली जात होती, तिच्याच माथ्यावर अशोकाचा स्तंभ उभा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो टोपऱ्याहून आणविला. ज्या सम्राटाच्या नावाशी युद्धोत्तर पश्चात्ताप कायमचा जोडला गेला आहे, त्याचा हा स्तंभ. आणि त्यावरील सातही लेखांत कलिंगाचा शब्द नाही. या मौनाकडे पुढे यावयाचेच आहे.

लढून परत आलेल्या माणसाचे मन केवळ भीतीने मोडत नाही, ही गोष्ट गेल्या तीसपस्तीस वर्षांत पाश्चात्य मनोवैद्यकाने नव्याने ओळखली. जोनाथन शे हा बोस्टन येथे व्हिएतनामच्या माजी सैनिकांवर उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ. त्याने 'अकिलीस इन व्हिएतनाम' (१९९४) हा ग्रंथ लिहिला तो 'इलियड' हाताशी घेऊन. आपले रुग्ण जे सांगतात ते होमरने आधीच सांगून ठेवले आहे, असा त्याचा प्रत्यय होता. 'मॉरल इंजरी' ही संज्ञा त्याने रूढ केली आणि तिचा अर्थ असा बांधला : जे उचित आहे त्याचा, ज्याच्या हाती अधिकार आहे त्यानेच, प्राणांतिक प्रसंगी केलेला विश्वासघात. पुढे २००९ साली ब्रेट लिट्झ आणि त्याचे सहकारी यांनी व्याख्येचा रोख बदलला. स्वतः केलेले, थांबवता आले असते पण न थांबवलेले, किंवा नुसते डोळ्यांनी पाहिलेले असे कृत्य, की जे आपल्याच अंतरीच्या नीतीला विदारून गेले, तेही त्यांनी या जखमेत धरले. शेच्या व्याख्येत अपराधी वर बसलेला असतो; लिट्झच्या व्याख्येत तो आरशात दिसतो. हा भेद बारीक वाटला तरी त्यावरच पुढचे सारे विवेचन अवलंबून आहे.

या संज्ञेला मराठी शब्द कोणता? 'नैतिक इजा' हे भाषांतर शब्दशः बरोबर आणि अर्थाने पोकळ आहे. इजा सायकलवरून पडल्याने होते; दवाखान्यात पट्टी बांधली की ती उतरणीला लागते. 'अपराधगंड' हा शब्द जखमेचा दोष जखमीच्याच पदरात टाकतो. मराठी माणूस अशा वेळी निराळेच बोलतो. तो म्हणतो, मनात शल्य राहिले. शल्य म्हणजे शरीरात रुतून राहिलेले बाणाचे टोक. वरची कातडी मिळून येते, माणूस हिंडूफिरू लागतो, आणि पाते आत तसेच असते. बाहेरून आलेले, पण आता आपल्याच मांसाचा भाग झालेले, हा दुहेरी अर्थ त्या एका शब्दात आहे. आणि शे व लिट्झ यांच्या व्याख्यांमधील भांडणही त्यातच मिटते. भाषांतरकाराला शब्द कधीकधी कोशात शोधावा लागत नाही, घरातच सापडतो.

महाभारताकडे या शब्दाच्या उजेडात पाहिले, म्हणजे एक विलक्षण रचना ध्यानी येते. द्रोणवधाच्या वेळी धर्मराज जे अर्धसत्य बोलला, ते आपण 'नरो वा कुंजरो वा' या म्हणीत विनोदाने वापरून गुळगुळीत करून टाकले आहे. वस्तुतः त्या एका वाक्याने दोन माणसे कायमची जखमी झाली. एक बोलणारा, त्याचा भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ खाली टेकला. दुसरा, ज्याचे नाव त्या वाक्यात होते तो. अश्वत्थाम्याच्या नावानेच त्याचा बाप मारला गेला, आणि ते नाव उच्चारणारा साधासुधा शत्रू नव्हता. ज्याच्या शब्दावर शत्रूनेही शस्त्र खाली ठेवावे असा तो एकमेव पुरुष होता. शेची व्याख्या अक्षरशः येथे लागू पडते : उचिताचा विश्वासघात, उचिताच्या अधिष्ठात्याकडून, रणांगणावर. सौप्तिक पर्वातील त्या रात्री निजलेल्यांची जी कत्तल अश्वत्थाम्याने केली, तिचे समर्थन कोणी करणार नाही आणि महाभारतकारही करीत नाही. परंतु धृष्टद्युम्न शस्त्राने मरण मागत असता अश्वत्थामा त्याला लाथांनी तुडवून मारतो, हा तपशील व्यासांनी उगाच दिलेला नाही. ज्याच्या लेखी युद्धाचा नियमच मेला, त्याचे ते वर्तन आहे.

मग शाप येतो. हा शाप वाचताना वाचकाचे लक्ष रक्तापुवाच्या दुर्गंधीकडे जाते, तीन हजार वर्षांच्या आकड्याकडे जाते, आणि मधले एक कलम निसटते. कृष्ण म्हणतो, तू एकटा भटकशील आणि कोणाशीही तुझे बोलणे होणार नाही. शिक्षेचा गाभा तो आहे. जखम वाहती ठेवणारी गोष्ट ही, की ती कोणापुढे बोलता येणार नाही. आणि त्याच्या मस्तकावरचा मणी? तो भीमाने आणून द्रौपदीला दिला, आणि द्रौपदीने तो धर्मराजाने मस्तकी धारण करावा अशी इच्छा केली. त्याने तो धारण केला. अर्धसत्य बोलणाऱ्याच्या माथ्यावर त्या अर्धसत्याने पिसाटलेल्याचा मणी! एवढे सांगून व्यास पुढे जातात. भाष्य करीत नाहीत.

या दोघांपैकी एकाला बोलणे नाकारले गेले. दुसऱ्याला जगाच्या वाङ्मयातील बहुधा सर्वांत प्रदीर्घ संभाषण मिळाले. शांतिपर्व हे महाभारतातील सर्वांत मोठे पर्व. ते राजधर्माचा कोश म्हणून वाचण्याची आपली सवय जुनी आहे, आणि त्यामुळे ते का सुरू होते याचा विसर पडतो. ते सुरू होते एका विजयी राजाला राज्य नको झाले म्हणून. कर्ण आपला भाऊ होता हे युधिष्ठिराला तिलांजलीच्या वेळी कळते. तो अरण्यात जावयास निघतो. मग एकेकजण त्याची समजूत घालू लागतो, आणि हे समजावणे कसकसे फसत जाते ते व्यासांनी इतक्या बारकाईने दाखविले आहे, की आज असल्या माणसाशी बोलण्याचे काम ज्याच्याकडे असेल त्याने ते अध्याय आधी वाचावेत. अर्जुन अर्थाचे आणि दंडाचे महत्त्व सांगतो, म्हणजे कर्तव्य. भीम संतापतो : हे तर विहीर खणून, अंग चिखलाने माखून, पाणी न पिता परतण्यासारखे झाले, म्हणजे उपयुक्तता. द्रौपदी त्याला वेडा ठरविते आणि भाऊ शहाणे असते तर त्यांनी तुला बांधून घातले असते असे सुनावते, म्हणजे निदान. व्यास काळावर भार टाकतात : मारणारा तू नव्हेस, काळ, म्हणजे निर्दोषता. या चारही गोष्टी रणातून आलेल्या माणसाला घरचे, अधिकारी, वैद्य आणि पुरोहित आजही सांगतात. चारही खऱ्या आहेत. एकही लागू पडत नाही. कारण युधिष्ठिर आपण दोषी आहोत की नाही हे विचारीतच नसतो. हे घेऊन जगावे कसे, हा त्याचा प्रश्न असतो.

मधेच व्यास शंख आणि लिखित या दोन भावांची गोष्ट सांगतात. लिखिताने भावाच्या आश्रमातील फळे न विचारता खाल्ली. शंखाने त्याला राजाकडे पाठविले. राजा सुद्युम्न क्षमा करू पाहतो. लिखित क्षमा नको, दंड हवा म्हणतो. त्याचे हात तोडले जातात. आणि बाहुदा नदीत पितरांना पाणी देऊ गेला असता ते हात पुन्हा उगवतात. दंडधर्माचे उदाहरण म्हणून ही गोष्ट येते खरी. पण ती जिला ऐकवली जाते त्या व्यक्तीमुळे तिचा अर्थ पालटतो. क्षमा आधी आली असती तर हात परत आले नसते. अपराध नव्हताच असे सांगणाऱ्यांच्या गर्दीत, अपराध होता, त्याला मोल आहे, आणि त्यानंतरही पाणी द्यावयास हात मिळतात, असे सांगणारी ही एकच गोष्ट आहे.

शेवटी कृष्ण त्याला भीष्मांकडे नेतो. येथेही एक लहान प्रसंग आहे, तो बहुतेक संक्षिप्त अनुवादांतून गळतो. युधिष्ठिर पुढे होत नाही. कृष्ण भीष्मांना सांगतो की तो लाजतो आहे, ज्यांना बाणांनी विंधले त्यांच्या पुढे यावयास त्याला भय वाटते. भीष्म त्याला निर्भय करून जवळ बोलावतात, तेव्हा तो पाय धरतो. विंधणारा आणि विंधला गेलेला यांचे हे बोलणे. म्हणून ते चालते. आणि तरीही व्यासांनी त्याला बरे केलेले नाही! शांतिपर्व संपते, अनुशासनपर्व संपते, भीष्म जातात, आणि आश्वमेधिक पर्वाच्या आरंभी गंगेच्या काठावर युधिष्ठिर पुन्हा कोसळतो. अश्वमेध होतो, त्याच्या शेवटी अर्धे अंग सोन्याचे झालेले एक मुंगूस येऊन सांगते, की या यज्ञाला एका दरिद्री ब्राह्मणाच्या मूठभर सातूची सर नाही. प्रायश्चित्ताची थोरवी सांगणाऱ्या ग्रंथाने प्रायश्चित्ताच्या मंडपातच त्याची अशी टवाळी करावी, हे धैर्य दुसऱ्या कोणत्या महाकाव्यात असेल?

मराठी समीक्षेने या दोघांपैकी अश्वत्थाम्याकडे अधिक लक्ष दिले. दुर्गाबाई भागवतांच्या 'व्यासपर्वा'त (१९६२) त्याची एकाकी आकृती आहे. इरावती कर्व्यांच्या 'युगान्ता'त (१९६७) द्रोण आणि अश्वत्थामा यांचा विचार स्वधर्म सोडल्याच्या अंगाने झाला आहे. इरावतीबाईंची बुद्धी कठोर आहे आणि तो कठोरपणा त्या ग्रंथाचे बळ आहे. परंतु ब्राह्मणाने क्षत्रियाचे काम केले म्हणून असे झाले, या उपपत्तीत एक अडचण राहते : क्षत्रियाने क्षत्रियाचेच काम केले, तो युधिष्ठिर तरी कोठे निभावला? जखम वर्णाची मर्यादा ओलांडल्याने झाली नाही. ती शब्दाची मर्यादा ओलांडल्याने झाली.

'अंधायुगा'त भारतींनी हे अर्धसत्य केंद्रस्थानी आणले, हे त्यांच्या नाटकाचे मोठेपण. अश्वत्थामा त्यांच्या हाती पशू होतो तो प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत, पायरीपायरीने. मात्र नाटकातील खरा युद्धोत्तर माणूस अश्वत्थामा नव्हे. तो युयुत्सू होय. धृतराष्ट्राचा हा मुलगा सत्याची बाजू म्हणून पांडवांकडून लढला. तो जिंकून घरी येतो, आणि घर त्याला ओळखू इच्छीत नाही. त्याच्याच अस्त्राने पांगळा झालेला एक मुका सैनिक पाणी मागतो. युयुत्सू पाणी घेऊन जातो. तो चेहरा ओळखून सैनिक भीतीने मागे सरपटतो. हा प्रसंग पूर्णतः भारतींचा आहे आणि तो आधुनिक भारतीय नाटकातील थोर प्रसंगांपैकी एक आहे. ज्याला दुखावले त्याच्या हातून क्षमा नव्हे, निदान पाणी तरी स्वीकारले जावे एवढीच युयुत्सूची मागणी असते. ती पुरी होत नाही, आणि पाचव्या अंकात तो स्वतःचा अंत करून घेतो.

नेमके येथेच नाटककाराशी भांडण करावेसे वाटते. व्यासांचा युयुत्सू मरत नाही. पांडव महाप्रस्थानाला निघतात तेव्हा हस्तिनापुराचा भार त्याच्यावर सोपवून जातात. परीक्षित गादीवर, आणि देखरेख युयुत्सूची. म्हणजे ज्याच्याकडे दोन्ही कुळे संशयाने पाहत होती, ज्याने आपल्या सख्ख्या पक्षाचा संहार पाहिला आणि त्यात भाग घेतला, त्याच्याच हाती पुढच्या पिढीचे मूल दिले गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या आणि फाळणीच्या छायेत लिहिणाऱ्या कवीला हा शेवट खोटा वाटला असेल, तर ते समजू शकते. पण नाटकातील मरण व्यासांच्या जगण्यापेक्षा सोपे आहे. मेलेला युयुत्सू प्रेक्षकाला सुन्न करतो आणि घरी पाठवितो. जगलेला युयुत्सू त्याला विचारतो की उद्या माझ्याशी कोण बोलणार आहे. २०११ साली भानु भारती यांनी याच कोटल्यात नाटक पुन्हा केले. प्रत्येक पिढीला ते पुन्हा करावेसे वाटते यात त्याची शक्ती आहे. आणि प्रत्येक पिढी युयुत्सूला मारूनच घरी जाते, हेही खरे.

मराठीत या शल्याचे लेखन कोठे आहे? कोटल्यापासून नव्वदएक किलोमीटरांवर पानिपत आहे, तेव्हा तेथे आधी पाहावे. भाऊसाहेबांच्या बखरीला त्या दिवसाचे दुःख आहे, पण तिने ते दैवावर घातले. आणि दैवाला शल्य नसते. मोत्ये आणि मोहरा यांचा हिशोब मांडणारे ते सांकेतिक पत्र महाराष्ट्राच्या तोंडी बसले. शोकाची भाषा जमाखर्चाची झाली. विश्वास पाटलांच्या 'पानिपता'चा (१९८८) सारा जीव सदाशिवरावभाऊंना न्याय मिळवून देण्यात आहे. अपवाद एकच, आणि तो लढवय्याचा नव्हे. १४ जानेवारी १७६१ रोजी अठरा वर्षांचा एक कारकुनी घराण्यातील तरुण आई आणि बायको यांच्यासह त्या लष्करात होता. तो निसटला, आई हरवली आणि गेली. पुढे मराठी राज्याचा कारभार पेलणाऱ्या नाना फडणिसांनी आपल्या त्रोटक आत्मचरित्रात हे नोंदविले आहे. या लहानशा लेखनाचा वाङ्मय म्हणून विचार फार थोडा झाला. त्यात नाना आपल्या कोवळ्या वयातील वासनाही लपवीत नाहीत आणि आपण वाचलो हेही लपवीत नाहीत. राजकारणात ज्याने एक शब्द फुकट खर्चिला नाही, त्या माणसाने हे लिहून ठेवावे! ते देवापुढे केलेले बोलणे आहे, म्हणून त्याला वाचक लागला नाही.

आणि दुसरा अपवाद, ज्यात रणच नाही. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगणा'त (१९३९) एकही गोळी सुटत नाही. जर्मनीतून हाकललेली ज्यू मुलगी हॅर्टा बोटीवर आहे. चक्रधर मुंबईला उतरतो. ती पुढे जाते आणि जीव देते. त्याने काही केले नाही, हेच त्याने केले. लिट्झच्या व्याख्येतील 'थांबवता आले असते' हा भाग मराठीत यापेक्षा अधिक निर्दयपणे कोणी लिहिलेला नाही. परंतु १९४७पासून काश्मिरात, १९६२ साली ईशान्येच्या सीमेवर, १९६५ आणि १९७१ साली, श्रीलंकेत, कारगिलमध्ये मराठे आणि महार पलटणी लढल्या. त्या माणसांवर मराठीने समरगीते पुष्कळ लिहिली, त्यांचे रात्रीचे बोलणे फारसे लिहिले नाही. वीर म्हटले की त्याला बोलण्याची गरज उरत नाही, अशी आपली समजूत दिसते.

अशोक येथे पुन्हा आठवतो. तेराव्या शिलालेखात त्याने दीड लाख लोक हाकलले गेले, एक लाख मारले गेले आणि त्याच्या कितीतरी पट मेले असे सांगून आपल्या मनातील अनुशोचन कोरले आहे. जगाच्या इतिहासात जेत्याने केलेला असा कबुलीजबाब विरळा. त्याच लेखात तो अरण्यवासी लोकांना, पश्चात्ताप झाला असला तरी आपल्या हाती सामर्थ्य आहे, अशी जाणीव द्यावयास विसरत नाही. अनुतापाची ही राजकीय सावध बाजू प्रामाणिकपणे वाचली पाहिजे. त्याहून बोलकी गोष्ट ही, की हा तेरावा लेख खुद्द कलिंगात कोरलेला नाही. धौली आणि जौगड येथे त्याच्या जागी निराळे लेख आहेत, प्रजा माझी लेकरे आहेत असे सांगणारे. ज्यांना दुखावले त्यांच्यापुढे कबुली नाही. दूरच्या प्रजेपुढे आहे. व्यासांनी युधिष्ठिराला भीष्मांपुढे उभे केले. अशोक धौलीपुढे उभा राहिला नाही. कोटल्याचा स्तंभ तर त्याविषयी काहीच बोलत नाही.

अमेरिकेत ब्रायन डोरीझ याने २००८च्या सुमारास सोफोक्लीसचे 'अजॅक्स' माजी सैनिकांपुढे नुसते वाचून दाखवावयास सुरुवात केली. नेपथ्य नाही, वेष नाहीत. वाचन संपले की प्रेक्षक बोलू लागतात, आणि ते बोलणे हाच प्रयोगाचा उत्तरार्ध असतो. ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. कीर्तनाचा पूर्वरंग-उत्तररंग ज्यांना ठाऊक आहे त्यांना तर मुळीच नाही. भारतीय सैन्याच्या पलटणींतून धर्मगुरू नेमलेले असतात आणि छावणीत सर्वधर्मस्थळ असते. म्हणजे ऐकणारा कान व्यवस्थेने मान्य केलेला आहे. इंडिया गेटजवळ २०१९ साली राष्ट्रीय समरस्मारक उभे राहिले. अमर, वीरता, त्याग आणि रक्षक अशी त्याची चार चक्रे आहेत आणि त्यागचक्राच्या भिंतींवर २५,०००हून अधिक नावे आहेत. ही सर्व नावे गेलेल्यांची. ज्याला स्वतःचे परत येणे सोसत नाही तो या भिंतीपुढे आपल्या सोबत्याचे नाव बोटाने चाचपीत उभा राहील, एवढीच त्याची तेथील जागा. त्याच्यापुढे शांतिपर्वाचा तो पहिला भाग वाचला जावा, समजुतीचे चारही युक्तिवाद फसतात तो भाग, आणि मग त्याला काय म्हणावयाचे आहे ते ऐकले जावे, असा प्रयोग दिल्लीतच व्हावयास हवा. त्यासाठी शांतिपर्वाचा नवा, बोलता येईल असा अनुवाद लागेल. उपलब्ध अनुवाद पारायणाचे आहेत. त्यांतील भीमाला रागावता येत नाही.

महाराष्ट्रातील लोककथेने मात्र व्यासांचा शाप एका बाबतीत परस्पर सौम्य करून टाकला आहे. नर्मदेच्या वाटेवर, असीरगडाच्या बाजूला, सातपुड्याच्या घाटांत अश्वत्थामा भेटतो असे लोक सांगतात. तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो. ग्रंथात त्याला कोणाशी बोलण्याची मुभा नाही. लोककथेत तो दारात येतो आणि मागतो, म्हणजे बोलतो. आणि बाई आतून तेलाची वाटी आणते. काही घरांतून अजून अभ्यंगाच्या वेळी अंगाला तेल लावण्याआधी चिरंजीवांच्या नावाने जमिनीला तेलाची बोटे लावतात, आणि त्या नावांत पहिले नाव त्याचे असते.